दारी आलेल्या कारागिराचे मोल

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटली की भगिनींकडून लेख मागवले जातात. कोणी पाककृती देते, कोणी प्रवासवर्णन, कोणी एखाद्या संताचे चरित्र. यंदा माझ्या वाट्याला इतिहासाचे पान आले. राजे, लढाया आणि किल्ले यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आपल्या दाराशी घडलेला इतिहास सांगावासा वाटतो.

नळ गळू लागतो, दाराची बिजागरी निखळते, मोरी तुंबते, फ्यूज उडतो. आणि मग घरात एकच प्रश्न उभा राहतो, ‘माणूस कुठे मिळेल, आणि तो किती घेईल?’ हा प्रश्न आजकालचा आहे असे आपल्याला वाटते. वास्तविक तो फार जुना आहे. त्याच्या इतिहासात आपणा गृहिणींचाही वाटा आहे, आणि तो सगळाच मिरवण्याजोगा नाही, एवढे आरंभीच सांगून ठेवते.

कौटिलीय अर्थशास्त्र हा राजकारणाचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रा. र. पं. कंगले यांनी त्याची संपादित संहिता, भाषांतर आणि अभ्यास अशी तीन पुस्तके सिद्ध केली आणि मुंबई विद्यापीठाने ती १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केली. या ग्रंथात कारागिरांच्या वेतनाचा विचार अगदी व्यवहारी पद्धतीने केला आहे. वेतन आधी ठरले असेल तर ठरल्याप्रमाणे द्यावे. ठरले नसेल तर तशाच प्रकारचे दुसरे कारागीर जे घेतात ते द्यावे, किंवा त्या कामातील जाणकार ठरवतील ते द्यावे. वेतन न देणाऱ्यास दंड सांगितला आहे. उलट बाजूने, कारागिराने काम कोणते, कुठे आणि केव्हा पुरे करायचे हे ठरवून ते पाळले पाहिजे; मुदत उलटली तर वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि वर दंड घ्यावा, मात्र काही आपत्ती ओढवली असेल तर तसे करू नये. आज आपण ज्या गोष्टींवरून दाराशी वाद घालतो, त्या बहुतेक सगळ्या यात आल्या आहेत. काम आधी ठरवा, दर आधी ठरवा, आणि ठरले नसेल तर चार ठिकाणी विचारा, हा सल्ला तेव्हाचा आहे.

आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांत मात्र वेगळी व्यवस्था रुजली. ती म्हणजे बलुत्याची. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग इत्यादी बारा बलुतेदार गावाची कामे करीत, आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा नेत. गावोगावी या बारांच्या याद्या थोड्या वेगळ्या असत. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या पुस्तकात या सगळ्या रहाटीचे बारकाईने वर्णन केले आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी मिळवून अवश्य वाचावे.

या पद्धतीत माणूस शोधण्याचा प्रश्नच नव्हता. नांगराचा दांडा मोडला की सुताराकडे न्यायचा. लाकूड शेतकऱ्याने द्यायचे, हात सुताराचा. दर वेळी पैसा मोजायचा नाही. नवे घर बांधणे, नवी गाडी करणे अशी मोठी कामे बलुत्यात धरली जात नसत; त्यांचा मोबदला निराळा ठरे. सुतारालाही एक निश्चिंती असे. काम थोडे निघो वा पुष्कळ, सुगीला त्याचा वाटा ठरलेला. शेजारच्या गावचा सुतार येऊन त्याचे घर हिरावून घेईल अशी भीती नसे.

पण या निश्चिंतीची किंमत कोण देत होते? वाटा किती मिळायचा हे कारागिराच्या हाती नव्हते. पाऊस हुलकावणी देऊन गेला की राबूनही खळे रिकामे. सुताराचा मुलगा सुतारच व्हायचा, त्याला आवड असो वा नसो. आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरवले होते, त्यांच्या वाट्याला तर कामे सर्वांत जड आणि मोबदला सर्वांत अपमानाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते महार वतनदारांची ही वेठ सुटावी म्हणून. गावकामाची ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. दया पवार यांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, त्या एका शब्दात किती दुःख साठले आहे ते वाचल्यावाचून कळत नाही.

खळ्यावरचा हिशेब पुरुषांचा असे. परसदारी मात्र बाईचे राज्य. तिथे उरलेली भाकरी, ताक, सणाची पोळी, दिवाळीची पोस्त दिली जाई. देणाऱ्या बायांच्या मनात माया नव्हती असे मी म्हणणार नाही. माझ्या आजीला कोणी उपाशी गेलेले खपत नसे. परंतु ते देणे ‘आम्ही दिले’ या भावनेचे होते, ‘आम्ही देणे लागतो’ या भावनेचे नव्हते. घेणाऱ्याला मागावे लागे, आणि मागणाऱ्याला भाव ठरवता येत नाही. हा फरक आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण शहरात आल्यावरही तो आपल्या मनातून गेला नाही.

शहरात कारागीर शोधायचा तर त्याच्या आळीला जावे लागे. पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळी, तसेच बुरूड आळी ही नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. मुंबईत सुतार चाळ आहे, लोहार चाळ आहे. आता लोहार चाळीत विजेच्या सामानाची दुकाने आहेत, हाही इतिहासाचाच एक विनोद. शहरात धान्याचा वाटा संपला आणि रोख पैसा आला. त्यासाठी भाषेनेही नवे शब्द घेतले. कारागिराला आपण मेस्त्री किंवा मिस्त्री म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘पगार’ हा शब्दही त्यांचाच, आणि ‘चावी’ही. गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेले हे शब्द आज आपल्या प्रत्येक घरात नांदत आहेत. आपले जुने शब्दही होतेच. दिवसाच्या हिशेबाने तो रोज, आणि सगळे काम मिळून ठरवले तर ते उक्ते. हे दोन शब्द नीट कळले तर दाराशी होणारे निम्मे वाद मिटतील, असे माझे मत आहे.

रोख पैसा आला तशी घासाघीसही आली. याचे एक उदाहरण माझ्या लहानपणचे आहे. १९६० च्या आसपासची गोष्ट. आमच्या वाड्यात कल्हईवाला येई. ज्या मुलींनी स्टीलखेरीज भांडे पाहिले नाही, त्यांच्यासाठी सांगते. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा पातळ लेप द्यावा लागे. अंगणात छोटा खड्डा करून तो भट्टी पेटवी, भाता चालवी. भांडे तापले की नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर उठे आणि आम्हा मुलांच्या नाकात तो खमंग-तिखट वास शिरे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात भांडे आतून चांदीसारखे करी आणि पाण्यात बुडवी. ‘चर्रर्र’ आवाज झाला की आम्ही टाळ्या पिटत असू.

आजी नगावर दर ठरवी आणि तो पाडून पाडून निम्म्यावर आणी. एका वर्षी कल्हई महिन्या-दोन महिन्यांतच काळवंडली. पुढच्या खेपेला तिने त्याला फैलावर घेतले. तो म्हातारा माणूस खाली मान घालून म्हणाला, ‘आई, दर तुम्ही ठरवलात, कथील मी ठरवलं.’ आजी काही बोलली नाही. तिने त्या दिवशी त्याने सांगितलेला दर दिला आणि कल्हई होईपर्यंत पायरीवर बसून राहिली.

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. कथील महाग असते आणि शिसे स्वस्त. दर पडला की कथलात शिसे मिसळण्याचा मोह होतो, आणि शिसे हे विष आहे. ते अन्नात उतरते आणि लहान मुलांना त्याची बाधा सर्वांत अधिक होते. म्हणजे चार आणे वाचवण्याच्या भरात आपण आपल्याच पोरांच्या ताटात काय वाढत होतो, याचा विचार कोणी केला नव्हता. त्या माणसाने लबाडी केली हे खरेच. पण ती लबाडी करायला त्याला कोणी भाग पाडले, हेही खरे आहे.

कल्हईवाल्याप्रमाणेच जात्याला आणि पाट्याला टाकी लावणाऱ्या वडार समाजाच्या बायका येत. छिन्नी-हातोडीने दगडाला दात पाडून देण्याचे त्यांचे कसब पाहण्याजोगे होते. त्यांना घरात घेताना मात्र ‘भांड्यांवर लक्ष ठेव गं’ असे हळूच सांगितले जाई. आपल्याकडे १८७१ साली आलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यातही लागू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक भटक्या समाजांवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. वडार, कैकाडी हे समाज त्यानंतर विमुक्त म्हणून ओळखले गेले. कायदा गेला, पण दाराशी आलेल्या कारागिराकडे संशयाने पाहण्याची नजर कितीतरी घरांत उरली. ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्याच्याशी रास्त भावाची बोलणी मोकळेपणाने होत नाहीत.

दरम्यान घरेच बदलली. मुंबईत १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले. १९०५ साली तिथे वीज पुरवणारी कंपनी निघाली. हळूहळू नळ आणि दिवे गावोगाव पोहोचले. आता नळ दुरुस्त करणारा आणि तारा जोडणारा हे बारा बलुतेदारांत कुठेच नव्हते. ही कामे कोणत्याही जातीच्या मुलाला शिकता येण्याजोगी होती, आणि हा या बदलाचा मोठाच फायदा. कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना १९५० मध्ये सुरू झाली, तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण म्हणतो त्या आयटीआय, वाढल्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. आज या संस्थांतून मुलीही तारतंत्री आणि सुतारकाम शिकतात. आपल्या आजीच्या काळी हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. त्याने कारखान्यांतल्या आणि इतर ठरावीक धंद्यांतल्या मजुरांना आधार मिळाला. पण आपल्या नळाचा वायसर बदलायला आलेल्या माणसाच्या तासाभराच्या कामापर्यंत असा कायदा पोहोचणे कठीण. तिथे न्याय करायचा तर तो घरच्या बाईनेच करायचा. म्हणजे बलुत्यातली निश्चिंती गेली, सक्तीही गेली; आणि उरले दाराशी उभे असलेले दोघे, एक गरजवंत गृहिणी आणि एक गरजवंत कारागीर.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगते, म्हणजे मी दुसऱ्यांनाच उपदेश करते असे होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातला नळ बिघडला. वाण्याच्या ओळखीने एक मिस्त्री आला. दर मी विचारला नव्हता आणि त्यानेही सांगितला नव्हता. दहा मिनिटांत त्याने वायसर बदलला, नळ सरळ केला आणि अडीचशे रुपये मागितले. मी म्हणाले, ‘दहा मिनिटांचे अडीचशे?’ आणि दीडशे हातावर ठेवले. तो काही न बोलता गेला. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मी मुलांना कितीदा शिकवली असेल; त्या दिवशी मीच तिचे उदाहरण झाले. दोन महिन्यांनी रात्री मोरीचा पाइप फुटून घरात पाणी झाले. त्याला फोन केला, तो उचलला गेला नाही. त्याचा काय दोष?

त्या रात्री पाणी पुसता पुसता मी त्याच्या दिवसाचा हिशेब मांडला. समजा, चांगल्या कारागिराचा पूर्ण दिवसाचा रोज हजार रुपये आहे. किरकोळ काम असले तरी त्याला आपल्या घरी यावे लागते, काम पाहून दुकानात जाऊन वायसर आणावा लागतो, परत यावे लागते, मग पुढचे घर गाठावे लागते. अशी चार कामे एका दिवसात झाली तर पुष्कळ. म्हणजे एका कामाचे अडीचशे. पेट्रोल आणि हत्यारांची झीज यातच आली. आणि ज्या दिवशी एकच फोन येतो त्या दिवशी काय? म्हणजे त्याने जे मागितले ते अगदी रास्त होते. मी त्याच्या दहा मिनिटांचा हिशेब केला, त्याच्या दिवसाचा केला नाही.

असे आपण का करतो, याचा विचार मी पुढे बरेच दिवस केला. आपण कंजूस आहोत असे मला वाटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती स्वतःचा पैसा नव्हता. घरखर्चाला मिळालेल्या रकमेतून भाजीवालीशी, कल्हईवाल्याशी घासाघीस करून जे वाचेल, तेवढ्यावरच त्यांची सत्ता. ‘कशी बाई संसारी आहे’ हे कौतुक त्यावरूनच मिळे. शिवाय दिवसभर त्या स्वतः राबत, त्या कष्टांचे कोणी मोल केले नाही. मग दुसऱ्याच्या कष्टांचे मोल करायला त्या कुठून शिकणार? त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु आता काळ बदलला आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी मिळवत्या आहेत, पुष्कळजणींच्या नावावर बँकेत खाते आहे. समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ साली झाला तेव्हा बायकांना किती आनंद झाला! आपल्या कामाचा योग्य दाम मिळावा असे ज्यांना वाटते, त्यांनी दुसऱ्याच्या कामाचा दाम पाडू नये, एवढे तरी पाळता येईल. त्या कारागिराच्या घरीही एक कारभारीण चूल पेटवायला त्याची वाट पाहत असते.

याचा अर्थ तो मागेल ते मुकाट्याने द्यावे असा नाही. फसवणारेही असतात, आणि मोबाइलवरून माणूस बोलावण्याची सोय झाल्यापासून कोण येतो आणि त्यातले किती त्याच्या हाती पडते, हेही कळेनासे झाले आहे. म्हणून इतिहासातून जे शिकले ते चार ओळींत लिहिते. काम कोणते ते आधी दाखवावे आणि रोजावर की उक्ते ते बोलावे. सामान कोण आणणार आणि त्याची पावती मिळेल की नाही ते ठरवावे. नुसते पाहायला आला तरी येण्याजाण्याचे काही द्यावे. विजेचे मोठे काम असेल तर परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. तिथे स्वस्तपणा जिवावर बेततो. काम पाहून घ्यावे, आणि पसंत पडल्यावर पैसे त्याच दिवशी, त्याच पायरीवर द्यावेत. ‘उद्या ये’ म्हणू नये, कारण उद्याची फेरी हेही त्याचे कामच आहे आणि ते फुकट जाते. पाण्याचा पेला आणि नावाने हाक, यांना तर काहीच पडत नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या कार्यालयात एक वही ठेवावी. ज्या भगिनीकडे चांगला कारागीर आला तिने, त्याची संमती घेऊन, त्याचे नाव, काम आणि दिलेला दर त्यात लिहावा. काम बिघडले तर तेही लिहावे, आणि कारागिराची आपल्याविषयी तक्रार असेल तर तिलाही त्यात जागा असावी. जाणकार ठरवतील तो दर, असे कौटिल्याने सांगितले. आपल्या परिसरात हे जाणकार म्हणजे आपणच. चाळीस घरांचे दर एका जागी लिहिले गेले तर अवाच्या सवा मागणाऱ्याला आळा बसेल, आणि दीडशे हातावर ठेवणाऱ्या माझ्यासारखीलाही.

वहीतले पहिले नाव मी माझ्या त्या मिस्त्रींचे लिहिणार आहे. मध्यंतरी ते वाण्याच्या दुकानी भेटले, तेव्हा राहिलेले शंभर रुपये मी त्यांना दिले. ‘राहू द्या हो काकू,’ असे ते दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा घेतले. गेल्या आठवड्यात बिजागरी बसवायला ते येऊन गेले. दर मी आधी विचारला होता.